प्लगातली हिरवी तार

शालिकभाऊला करंट लागला त्या दिवशी प्लगात हिरवी तार जोडलेली नव्हती. ती मी सोडवली होती. तो कोसळल्यावर सगळे त्याला उचलून जिन्याने खाली नेत होते, तेव्हा ती पुन्हा जोडून ठेवली तीही मीच. पहिली चूक होती. दुसरीला चूक म्हणता येत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. पंचवीस वर्षं मी नागपुरात हवेचे कॉम्प्रेसर भाड्याने देतो आणि दुरुस्त करतो, तेव्हा गमती आहेतच, आणि त्या लिहिणारही आहे. पण ही गोष्ट बाजूला ठेवून नुसत्या गमती लिहिल्या असत्या, तर शालिकभाऊने अंक वाचला असता आणि काही बोलला नसता. त्याचं ते न बोलणं मी एकदा सोसलं आहे. पुन्हा सोसायची ताकद नाही.

आधी मशीन काय असते ते सांगतो. एक मोटर, तिच्या पट्ट्यावर फिरणारा पंप आणि खाली लोखंडाची टाकी. हे सगळं दोन रबरी चाकांवर, ढकलायला एक दांडा. पंप टाकीत हवा दाबून भरतो. टाकीला रबरी नळी, नळीला स्प्रे गन. घोडा दाबला की रंगाचं धुकं बाहेर पडतं आणि कपाट असो की मोटारीचं दार, आरशासारखं होतं.

मशीनला तीन तारा असतात. लालने वीज येते, काळीने परत जाते. हिरवीतून एरवी काहीच जात नाही, म्हणून ती लोकांना फुकटची वाटते. तिचं एक टोक मशीनच्या लोखंडाला आणि दुसरं जमिनीत पुरलेल्या पाइपाला जोडलेलं असतं. लाल तारेचं आवरण घासून तिचं तांबं लोखंडाला टेकलं, की वीज हिरवीतून जमिनीकडे धावते. इतकी धावते की फ्यूजची बारीक तार वितळते आणि मशीन बंद पडते. हिरवी नसेल तर मशीन बंद पडत नाही. वीज लोखंडात दबा धरून बसते, कुणाचा तरी हात लागेपर्यंत.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, एका दुकानात मेकॅनिक. सत्तर साल अजून उजाडायचं होतं. रामदासपेठेत एका डॉक्टरांचा नवा दवाखाना उघडायचा होता, आणि त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात लोखंडी खाटा रंगवायचं काम शालिकभाऊकडे होतं. तो माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. स्प्रेच्या कामात त्याचा हात असा बसलेला की रंगाचा एक ओघळ खाली यायचा नाही. मशीन आमच्या दुकानाची, आणि ती चालू ठेवायला सोबत मी.

त्या सकाळी फ्यूज दोनदा उडाला. कंत्राटदाराचा मुनीम डोक्यावर उभा होता, चार दिवसांत उद्घाटन होतं. मला माहीत होतं की मोटरवरची डबी उघडून आतल्या तारा पाहायला हव्यात. त्याला एक तास लागला असता. मला हेही माहीत होतं की हिरवी तार सोडली की फ्यूज उडत नाही. आमच्या लाइनीत त्या काळी सगळेच तसं करायचे. मी प्लगाचे स्क्रू काढले, हिरवी तार बाजूला वळवली आणि झाकण बंद केलं.

शालिकभाऊ गन धुता धुता पाहत होता. म्हणाला, "काय करून राहिला गा?"

"काही नाही, फ्यूज उडते म्हणून."

"ते तार काहून असते मग?"

"कंपनीवाले लावतात. शोभेले."

तो हसला. मीही हसलो. मशीन दोन तास उत्तम चालली.

आता रंगाऱ्यांची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ओल्या रंगावर धूळ बसली की काम वाया जातं, म्हणून स्प्रे करण्याआधी चांगला रंगारी फरशीवर पाणी शिंपडतो. जितका कारागीर पक्का, तितकी फरशी ओली. शालिकभाऊ बादलीभर पाणी शिंपडायचा आणि घसरायला नको म्हणून चपला काढून ठेवायचा. दुपारी डबा खाऊन त्याने तसंच केलं, आणि मशीन पुढे सरकवायला अनवाणी पायांनी दांडा धरला.

करंट लागलेला हात सुटत नाही, उलट मूठ आवळत जाते. मी खाली पानठेल्यावर होतो. मुनीमाने मेन स्विच ओढला म्हणून तो वाचला. मी धावत वर आलो, तेव्हा त्याला उचलून नेत होते. व्हरांड्यात मी एकटा उरलो, आणि माझ्या खिशात पेचकस होता. तार जोडायला मिनिटभरही लागलं नाही. स्क्रू पहिल्याच खेपेत बसला. हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

संध्याकाळी मालक आले. त्यांनी सगळ्यांसमोर प्लग उघडला. "अर्थिंग तर लागलेलं आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, त्याने फरशीवर पाणी टाकलं होतं, मी नको म्हणालो होतो. ही दुसरी खोटी गोष्ट मी कुणी न विचारता सांगितली.

तिथे एक जरी खरा जाणकार असता, तर त्याने एवढंच विचारलं असतं की तार होती, तर फ्यूज का उडाला नाही? मी तिथल्या तिथे सापडलो असतो. पण मालक कापडाच्या धंद्यातून या धंद्यात आलेले. त्यांना लोखंड कळायचं, वीज नाही.

तीन आठवड्यांनी शालिकभाऊ दुकानात आला, उजव्या हाताला पट्टी. तळव्याला आतपर्यंत भाजलं होतं आणि शेवटची दोन बोटं आत वळली होती, ती पुढे कधी सरळ झाली नाहीत. चार-पाच रंगारी बसलेले होते. त्यांच्यासमोर त्याने मालकांना शांतपणे सांगितलं की तार सोडलेली होती, त्याने स्वतः पाहिलं होतं. मालक म्हणाले की प्लग त्यांनी स्वतः उघडला होता. मी एका मोटरीत डोकं घालून बसलो होतो. त्या मोटरीत काहीही बिघाड नव्हता. शालिकभाऊने मला काही विचारलं नाही. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

छप्पन साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मी कुणबी, मालकांच्या नात्यातला. कुणाचा शब्द ग्राह्य धरला जाणार हे त्या दुकानात ठरलेलंच होतं. मी त्याचा फायदा घेतला. हे मी इतकी वर्षं स्वतःशीही अशा सरळ वाक्यात बोललो नव्हतो.

त्यानंतर त्याला मशीन द्यायला कुणी तयार होईना. रंगारी त्याला 'पाणीवाला शालिक' म्हणू लागले. पाणी सगळेच टाकायचे, नाव मात्र त्याचं पडलं. वर्षभरात तो स्प्रेच्या कामातून गेला.

मी मात्र सुधारलो. असं लिहिताना ते बरं दिसत नाही, पण खरं आहे. वायरमनची परीक्षा दिली. अर्थिंगचा खड्डा किती खोल, त्यात कोळसा आणि मीठ का, तांब्याची तार कुठे आवळायची, सगळं शिकलो. नागपूरची काळी जमीन एप्रिलमध्ये भेगाळते आणि सुकलेली जमीन वीज नीट घेत नाही, म्हणून खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी ओतायचं, हेही शिकलो. मालकांनी दुकान आवरलं तेव्हा त्यांच्या दोन मशीन घेऊन मी स्वतःचं दुकान टाकलं. दारावर पाटी लावली: 'अर्थिंग नाही, तर मशीन नाही.' शंभर वॉटचा बल्ब, त्याला दोन तारा, असा एक टेस्ट लॅम्प मी सायकलला अडकवून हिंडायचो. एक तार लाल वायरीला आणि एक अर्थिंगला लावायची. बल्ब भक्क पेटला तर मशीन उतरवायची. लाल-लाल, पेंगुळल्यासारखा पेटला तर मशीन परत.

लोक हसायचे. लाइनीत मला 'तिसरी तार' असं नाव पडलं. "तिसरी तार आली रे, चपला घाला." हे नाव मला आवडायचं, आणि आवडलं की लगेच दुसरं नाव आठवायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. सक्करदऱ्याच्या एका गवळ्याने गोठ्याचे लोखंडी खांब रंगवायला मशीन नेली. टाकीवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, हवा जास्त झाली की तो शिट्टी मारून ती बाहेर सोडतो. दुसऱ्या दिवशी मी सहज पाहायला गेलो, तर त्याने व्हॉल्व्ह तारेने करकचून बांधलेला. म्हणाला, "शिट्टी वाजली का म्हैस पान्हा चोरते, भाऊ." टाकीचा काटा लाल रेघेच्या पुढे गेलेला. मी आधी स्विच बंद केला, मग नळीतून हवा सोडली, काटा खाली आल्यावर तार कापली. मग तिथेच बसलो. गवळ्याने प्यायला दूध दिलं आणि म्हशीच्या वतीने तक्रारही केली. मी त्याला विचारलं, टाकी फुटली असती तर म्हैस काय चोरणार होती? तेव्हापासून तो म्हशी बाहेर बांधून स्प्रे करू लागला.

एका चाळीत आमच्याच जुन्या शिकवणीचा एक कारागीर निघाला. खड्डा खणायचा कंटाळा, म्हणून त्याने हिरवी तार नळाच्या पाइपाला बांधली. खालच्या मजल्यावरच्या बाया म्हणायला लागल्या की आज नळाला झिणझिण्या येऊन राहिल्या. एक म्हातारी तर म्हणाली, "माह्या गुडघ्याले बरं वाटते, राहू दे तसंच." तिची समजूत घालून ती तार सोडवायला मला खड्डा खणण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आता नरखेड तालुक्यातली गोष्ट. माझ्या धंद्यात मी ज्या दिवशी जिंकलो, तो दिवस.

मारोतराव नावाचे संत्र्याचे बागायतदार. दोन ट्रॉल्या आणि मळ्याचं फाटक रंगवायचं होतं. रंगारी त्यांनीच बोलावलेला, प्रल्हाद नावाचा, तिशीतला. मे महिना. मी टेम्पोतून मशीन उतरवली आणि पंपाच्या खोलीत अर्थिंग पाहिलं. बल्ब कसाबसा लाल झाला. फ्यूज पाहिला, तर त्यात करंगळीएवढी जाड तार. ती काय कधी वितळणार. मी म्हणालो, आधी खड्डा, मग मशीन.

मारोतरावांनी दोन गडी लावून खड्डा खणून दिला, पण मी कोळसा आणि मीठ टाकून वर पाणी ओतायला सांगितलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. "भाऊ, संत्र्याची कलम लावून राहिले का?" गडी हसले. मी म्हणालो, फळ दिसणार नाही असं झाड आहे. दहा-बारा बादल्या मुरल्यावर बल्ब भक्क पेटला. फ्यूजमध्ये मापाची तार घातली आणि मशीन जोडली.

तेवढ्यात प्रल्हादने खिशातून पेचकस काढला आणि माझ्या देखत माझा प्लग उघडला. आत पाहिलं, हिरवी तार बोटाने ओढून पाहिली, झाकण लावलं. मला राग आला. इतक्या वर्षांत माझा प्लग कुणी तपासला नव्हता. पण बोलायला तोंड नव्हतं.

दुपारी मी संत्र्याच्या झाडाखाली डबा उघडला आणि फ्यूज उडाल्याचा फट आवाज आला. मारोतरावांनी नवी तार घातली. पुन्हा फट. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, ते तिसरी तार काढून टाका ना. आमच्या इकडे सारे तसंच करते. मशीन मस्त चालते."

मी डब्यावरून हात काढला. हे वाक्य मी ओळखत होतो. मी एकदा ते मनात म्हणालो होतो आणि त्याप्रमाणे वागलोही होतो.

मी काही बोलायच्या आत प्रल्हाद म्हणाला, "तार काढली तं मी हात लावत नाही, मालक. दुसरा रंगारी पाहा."

मी मोटरवरची डबी उघडली. लाल तार कडेला घासून घासून सोललेली, आतलं तांबं चकाकत होतं, आणि ते झाकणाला टेकलं होतं. अगदी तिथेच, जिथे मी त्या वेळी पाहिलं नव्हतं. मी प्रल्हादला विचारलं, पहिला फ्यूज उडाला तेव्हा तू कुठे होतास? तो म्हणाला, दांडा धरून मशीन सरकवत होतो. जमिनीवर त्याने पाणी शिंपडलेलं होतं. चपला बाजूला काढलेल्या होत्या. त्याने आपला तळवा उघडून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मारोतरावही त्या तळव्याकडे पाहत राहिले. त्यावर रंगाचा एक ठिपका होता, बाकी काही नाही.

आमच्या धंद्यातला विजय असा असतो. काहीच होत नाही. वर्तमानपत्रात येत नाही, हारतुरे नाहीत, एक माणूस संध्याकाळी घरी जातो आणि जेवतो. पण मला त्या झाडाखाली ओरडावंसं वाटत होतं. नवी तार, नवं आवरण, डबी बंद. मी घड्याळ पाहिलं. पन्नास मिनिटं लागली होती.

त्या उन्हाळ्यात मारोतरावांनी स्वतः उभं राहून गावातल्या प्रत्येक पंपाच्या खोलीशी खड्डा खणवला, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या दोन गावांनी मला अर्थिंग करायला बोलावलं. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, मी प्रल्हादला विचारलं की प्लग उघडून पाहायला तुला कुणी शिकवलं.

"आमच्या उस्तादनं," तो म्हणाला. "त्याईचा नियम आहे. हिरवी तार डोळ्यानं पाहिल्याशिवाय मशीनले हात लावाचा नाही. मालक सांगू दे, मेकॅनिक सांगू दे, भरोसा ठेवाचा नाही."

"कोण उस्ताद?"

"शालिकभाऊ. हुडकेश्वरले राह्यते."

एस.टी.ने परत येताना मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. मी पाटी लावून, बल्ब मिरवून नाव कमावत होतो. आणि तो वळलेल्या बोटांनी, कुणालाही काही सिद्ध न करता, माझ्यासारख्यांपासून माणसं वाचवत होता.

तरी हुडकेश्वरला जायला मला चार महिने लागले. तिथे तेव्हा शेतांमध्ये तुरळक घरं होती. शालिकभाऊ अंगणात एका दुकानाची पाटी लिहीत बसला होता, ब्रश अंगठा आणि दोन बोटांत धरून. केस पांढरे झालेले. त्याने मला लगेच ओळखलं. त्याच्या बायकोनेही ओळखलं असावं, कारण तिने पाणी आणून दिलं पण बसा म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तार सोडवली ते, जोडली ते, पाण्याचं खोटं बोललो ते. तो एका अक्षराला रंग भरत होता. ते पूर्ण करूनच त्याने मान वर केली.

"मले काय सांगून राहिला गा, दिनकर? मले तं माहीतच होतं तार नव्हती. ज्याईले माहीत नाही, त्याईले सांग."

त्याची बायको दारातून म्हणाली, "पोराईच्या शाळेत सुद्धा पाणीवाल्याची पोरं म्हणत होते. तुमाले काय म्हणते लोक?"

मी खरं ते सांगितलं. शालिकभाऊ थोडा हसला. "तिसरी तार? वा. माह्या हातातून गेली अन् तुह्या नावाले लागली." मग बायकोला म्हणाला, "चहा टाक वं. बसू दे त्याले."

त्या वर्षी खंडेनवमीला मी लाइनीतल्या सगळ्यांना दुकानात बोलावलं. त्या दिवशी आम्ही मशीन धुऊन त्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं वाहतो, आणि मग चहा-चिवडा होतो. तीसेक माणसं होती. जुने मालक काठी टेकत आले, त्यांना मी खुर्ची दिली. शालिकभाऊ हाताला पट्टी बांधून आला होता तेव्हा मालकांच्या दुकानात बसलेले जे रंगारी मला सापडले, त्यांना स्वतः जाऊन आणलं. प्रल्हाद आणि मारोतराव नरखेडहून आले. शालिकभाऊला दुसऱ्या दिवशी पहाटे घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर जायचं होतं, घरात पाहुणे होते, तरी तो आला. दाराशी उभा राहिला. आत ये म्हटलं तर म्हणाला, इथून ऐकू येते.

मालकांकडून घेतलेल्या दोन मशीनपैकी एक रामदासपेठेतलीच होती. तिचा प्लग मी हातात घेतला. स्क्रू काढले, हिरवी तार त्या दिवशीसारखी बाजूला वळवली आणि सगळ्यांना दिसेल असा प्लग वर धरला. मालकांनी चष्मा पुसून पाहिलं. कुणी चिवडा खात होतं, ते थांबलं.

मी म्हणालो, "मालक, रामदासपेठेत तुम्ही प्लग उघडला त्याआधी तो असा होता. तार मी सोडवली होती आणि शालिकभाऊला खाली नेल्यावर मीच जोडली. पाणी टाकू नको असं मी त्याला कधीच म्हणालो नव्हतो. पाणी टाकणं ही कारागिराची रीत आहे, ती त्याची चूक नव्हती. त्याने तुमच्या दुकानात येऊन जे सांगितलं, ते सगळं खरं होतं. आजपासून त्याला कुणी पाणीवाला म्हणायचं नाही, आणि मला तिसरी तार म्हणायचं नाही. ते नाव त्याचं आहे."

मग मी दाराकडे वळलो.

"शालिकभाऊ, तू खरं बोलत होतास आणि मी मोटरीत डोकं घालून बसलो. मला माफ कर."